बेड सातचा आवाज

१२ एप्रिल २०२१, सोमवार

नेली तिला. ॲम्ब्युलन्समध्ये मला चढू दिलं नाही — "तुमचा पण रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे काका, घरीच बसा." दार सरकवलं. खालच्या पट्टीत खडा अडकलेला, करकर वाजला. असल्या आवाजानं रत्नमालाचे दात शिवशिवतात. काचेतून बघितलं तर खरंच तोंड वाकडं केलं तिनं. ऑक्सिजन ऐंशीवर आलाय आणि ही बाई दाराच्या आवाजाला तोंड वाकडं करते! हसू आलं मला. मग गाडी वळली.

अपेक्षाचा पुण्याहून फोन. "पप्पा, मी निघते." म्हटलं, येऊन करतेस काय? घरात मी आजारी, दवाखान्यात कुणाला आत सोडत नाहीत. तिथंच थांब. रडली. माझा ताप शंभर. खोकला कमी.

वही लिहायची ही सवय कन्नड गावात रेडिओ दुरुस्त करायचो तेव्हापासूनची. कुठला सेट, काय बिघाड, काय बदललं — एवढंच लिहायचो. आजही तेवढंच लिहिणार होतो.

१३ एप्रिल, मंगळवार. पाडवा

गुढी नाही. तिची जरीची साडी कुठल्या कपाटात असते तेच मला माहीत नाही. एकतीस वर्षांचा संसार!

१४ एप्रिल, बुधवार

डॉक्टर सुयशचा फोन. आयसीयू तोच बघतो. पोरगाच आहे, बत्तीस-तेहतीसचा. वाईट सांगायचं असलं की हा पूर्ण नावानं 'काकासाहेब' म्हणतो, बरं असलं की नुसतं 'काका'. त्याचं त्याला माहीत नाही, मला माहीत आहे. माणूस काय बोलतो त्याच्या आधी कसा बोलतो ते मी ऐकतो. धंदा त्यावरच उभा राहिला माझा.

आज — "काकासाहेब, काकूंच्या हृदयाचा इको करावा लागेल. या आजारात फुप्फुसाच्या नळ्यांत रक्ताच्या गाठी अडकतात, मग हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, ती फुगते. वेळेत कळलं तर इंजेक्शन वाढवता येतं. त्यांना हलवायची सोय नाही, मशीनच बेडपाशी नेऊ."

म्हटलं, डॉक्टर, मशीन मीच दिलेलं आहे तुम्हाला.

"म्हणून तर तुम्हाला धीरानं सांगतोय."

दुपारभर तेच डोक्यात. अठ्ठ्याण्णव साली एका दवाखान्याचं बंद पडलेलं हृदयाचं मशीन भंगारात उचललं होतं. शिक्षण दहावी. पंधरा दिवस उलगडून बसलो आणि चालू केलं. पण बघायचं कुणावर? रत्नमालाला म्हटलं, आडवी हो. जेल नव्हतं, खोबरेल तेल चोपडलं. तेलानं छातीवर फिरवायच्या प्रोबचं रबर खराब होतं हे नंतर कळलं! "अगं बाई, थंडगार! अहो, भांडी पडलीत माझी! पोरगी पोटात होती तवा नाय आणलं कुठलं मशीन, आन् आता ह्याचं पोट दुखलं तर बायकू आठवली व्हय?" हसत होती, आणि पडद्यावर काळीज हलत होतं तिचं. मी आयुष्यात पाहिलेलं पहिलं काळीज.

स्पीकरमधून हुश्श-हुश्श आणि मधे बारीक टिक. मला वाटलं मशीनचा दोष. दोन दिवस स्पीकर सोडवत बसलो. शेवटी एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "मशीन ठणठणीत आहे. बाईंच्या झडपेचा एक पडदा जरा सैल आहे, तो वाजतो. धोका काही नाही."

तेव्हापासून प्रत्येक मशीन आधी तिच्यावर. टिक ऐकू आली की मशीन पास. जालन्याला गेलं, बीडला गेलं, परभणीला गेलं — सगळ्यांनी पहिल्यांदा तिचंच बघितलं. ती म्हणते, "साऱ्या मराठवाड्यानं माझं काळीज बघितलंय. तुमी तेवढा निसता आवाज ऐकत बसलात."

१५ एप्रिल, गुरुवार

आज एक लबाडी केली. आयसीयूतल्या निशा सिस्टरला फोन लावला. म्हटलं, मशीनचा स्पीकर तपासायचाय, सर्व्हिसचं काम आहे. रोज सकाळी अकरा वाजता इको होतो तेव्हा फोन स्पीकरजवळ धरून आवाज पाठवत जा. कुठल्याही एका बेडचा चालेल — समजा, सातचा.

तिनं ऐकून घेतलं. मग — "काका, मला काय कळत नाय व्हय? काकू सातवर हायेत ते सांगा की सरळ."

पकडला गेलो! हसलो. ती पण हसली. पीपीई किटच्या आतून हसू असं येतं, जसं माठात तोंड घालून कुणी हसावं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी आला आवाज. वीस सेकंदांचा. जोरात चाललंय, दमलंय. पण टिक आहे. टिक आहे!

पलंगावर तिच्या बाजूला फोन ठेवून ऐकला. उशी अजून तिच्या तेलाची आहे.

१६ एप्रिल, शुक्रवार

"काकासाहेब, उजवी बाजू थोडी मोठी वाटते. रोज बघू."

टिक आहे.

मशीनची काळजी नाही मला. गेल्या जुलैत ते आयसीयूत गेलं तेव्हा मीच बांधून दिलं होतं. कीबोर्डवर स्वयंपाकाची प्लॅस्टिक फिल्म ताणून बसवली आणि कडेनं टेप. टेपचं प्रत्येक टोक आत दुमडून ठेवलं — माझी खोडच आहे, नखानं टोक शोधत बसायला लागू नये. लोणच्याच्या बरणीवरसुद्धा असंच करतो. त्यावरून ती चिडवते, "ह्यांनी मला हार घातला लग्नात, तवा त्याचं बी टोक दुमडलं आसंल."

दोन-दोन हातमोज्यांत बोटं घसरतात, नाव टाइप करताना चुकतं, पुन्हा दाबतात, फिल्म फाटते. म्हणून मीच युक्ती सांगितली — नाव टाकूच नका, नुसता बेड नंबर टाका. दोन बटणं, काम संपलं. सगळे खूश. "काकासाहेब, तुम्ही इंजिनिअर व्हायला पाहिजे होतं!" फुगलो होतो त्या दिवशी.

१७ एप्रिल, शनिवार

आज आवाज आला नाही. निशाचा एकच ओळीचा मेसेज — 'काका लई गडबड आहे, उद्या.' रस्ता सामसूम. सायरन तेवढे. कुठला सरकारी, कुठला खाजगी, आवाजावरून सांगता येतं मला आता. नसतं आलं तर बरं झालं असतं.

१८ एप्रिल, रविवार

आला आवाज. काय सुंदर! संथ, भरदार, एका लयीत. डोक्यावर भरलेली कळशी घेऊन सवयीची बाई चालावी तसा.

टिक नीट ऐकू आली नाही. निशानं फोन लांब धरला असेल.

१९ एप्रिल, सोमवार

"काका!" — नुसतं काका! "सातचे दोन दिवसांचे इको छान आहेत. उजवी बाजू नॉर्मल. गाठीची शक्यता कमी वाटते, इंजेक्शन वाढवत नाही आपण."

चपाती खाल्ली आज. दोन. शेजारच्या आशाबाईंनी दारात डबा ठेवला होता, त्यांना फाटकातून ओरडून सांगितलं, काळीज नॉर्मल! त्या गच्चीवरून म्हणाल्या, "तुमचं का वहिनींचं?"

२० एप्रिल, मंगळवार

दिवसातून दहादा ऐकतो. चहा उकळताना, दाढी करताना. माझा ताप गेला. तिन्ही दिवसांचे आवाज एकामागून एक लावतो, मिनिटभर होतं. अपेक्षाला फोनवरून ऐकवला. "मम्मीचं ना?" म्हणाली. म्हटलं, मग काय शेजारणीचं?

बोलून गेलो आणि चहा उतू गेला.

२१ एप्रिल, बुधवार. रामनवमी

लिहून टाकतो. वहीशी कशाला खोटं बोलू.

रविवारीच कळलं होतं मला. पहिल्या ठोक्याला. तेवीस वर्षं मी ती टिक ऐकतोय — मशीनवर, आणि मशीन नसताना छातीला कान लावून. ती झोपेत म्हणायची, "उठा, डोकं जड हाय तुमचं." हा आवाज तिचा नाही. फोन लांब धरला, रिकामी खोली, दुसरा प्रोब — सगळी कारणं मीच जुळवली. कारण आवाज चांगला होता. चांगला आवाज कोण परत करतो?

कान तीक्ष्ण म्हणे माझे! तीन दिवस बोळे घालून बसलो.

सकाळी सातला निशाला फोन केला. ती ड्यूटीवर निघालेली. सातवर कोण आहे?

"काकूच की." मग थांबली. "काका... थांबा हं. काकूंना शनिवारी दुपारीच अकरावर घेतलं. मास्क ओढत होत्या सारखा, आमच्या टेबलासमोर असाव्यात म्हणून. अकराच्या बाईंना सातवर दिलं. मी शनिवारी दुसऱ्या वॉर्डात होते, मला वाटलं... मी मशीनवरचा नंबरच बघून पाठवत व्हते."

आणि इकोचे कागद?

"कागद बाहेर निघतात ना, नंबर बघून फायलीला लावतात. फायली बाहेरच राहतात, आत काय नेत नाहीत. बाहेरच्या यादीत काकू सातवरच आसतील अजून." आवाज बारीक झाला तिचा. "नाव आसतं तर लगेच कळलं आसतं, काका."

म्हटलं, ताई, पळ. आधी डॉक्टरांना सांग.

फोन ठेवायच्या आधी म्हणालो, सातचा आवाज आता पाठवू नकोस. बंद कर तो. तो आपला नाही.

"बरं," म्हणाली. जरा थांबूनच म्हणाली.

दुपारी सुयशचा फोन. "काकासाहेब." पुढचं ऐकायच्या आधी भिंतीला टेकलो. उजवी बाजू चांगलीच फुगलेली आहे. शनिवारपासूनच असणार. रक्त पातळ करायचं इंजेक्शन आता पूर्ण मात्रेत सुरू केलं. "चूक आमची आहे. यादी बदलायला हवी होती."

म्हटलं, प्लॅस्टिक माझं, नंबरची युक्ती माझी.

"काकूंचे अकरावरचे इको सातच्या बाईंच्या नावावर लागले, म्हणून त्यांना तीन दिवस जास्तीचं इंजेक्शन गेलं, तेही आता कमी केलंय," म्हणाला. ऐकलं मी. पुढं काही विचारलं नाही. मला अकराचंच ऐकायचं होतं.

२२ एप्रिल, गुरुवार

अकराचा आवाज आला. शिवणयंत्राचं चाक सैल सुटल्यासारखं काळीज पळतंय. भयंकर आवाज. ऐकवत नाही.

टिक आहे.

हा नकोसा आवाज माझा आहे, आणि तो गोड आवाज माझा नव्हता. फोन छातीशी धरून बसलो. काय बोललो तिच्याशी ते इथं लिहीत नाही.

२३ एप्रिल, शुक्रवार

टिक आहे.

२४ एप्रिल, शनिवार

टिक आहे. चाक तसंच.

२६ एप्रिल, सोमवार

तिच्या बाजूची उशी उन्हात टाकायला काढली आणि परत जागेवर ठेवली. वास जाईल.

आज स्वयंपाकघरात डबे उघडून बघितले. सगळ्यांवर चिठ्ठ्या आहेत, तिच्या अक्षरात — धने, हळद, मेथ्या. एकाही डब्यावर नंबर नाही. बाईला कुणी शिकवलं नव्हतं, नाव लिहावं ते.

२८ एप्रिल, बुधवार

निशा म्हणते, "काकू डोळं उघडतात. बोलत नाहीत, मास्क हाय. आमच्याकडं बघतात पण वळखत नाहीत कुणाला. समदी पांढरी भुतं."

सुयश काहीच म्हणाला नाही, ना काका ना काकासाहेब. "उजवी बाजू किंचित उतरली असावी, उद्या सांगतो."

३० एप्रिल, शुक्रवार

माझा रिपोर्ट निगेटिव्ह. सकाळी नऊला दवाखान्याच्या दारात हजर. सुयशला म्हटलं, नातेवाईक म्हणून सोडत नाही, ठीक. मेकॅनिक म्हणून सोड. कीबोर्डची फिल्म बदलायची आहे. नव्या पद्धतीनं बसवतो, नाव टाकता येईल अशी — अक्षरांपुरती पातळ, कडेला जाड. मी आठ दिवस घरी त्याचाच सराव केलाय.

घड्याळ बघितलं त्यानं. "वीस मिनिटं. बोलायचं नाही. हात लावायचा नाही. मशीनचंच काम करायचं."

किट घातलं. चष्म्यावर वाफ. आत गेल्यावर पहिल्यांदा कानच बधिर झाले — किती यंत्रं, किती शिट्ट्या, आणि माणसाचा आवाज एकही नाही. मशीन नेमकं अकराशेजारी उभं होतं. निशानंच ठेवलं असणार.

आधी सात दिसला. दाढीवाला जाडजूड माणूस होता त्यावर. बघितलं आणि पुढं गेलो.

मग ती.

एवढीशी झाली आहे. केस कुणीतरी दोन वेण्यांत बांधलेत, शाळेतल्या पोरीसारखे. डोळे उघडे. माझ्यावरून नजर फिरवली, मशीनवर गेली, छताला गेली. ओळख नाही. कशी असणार? मीही एक पांढरं भूत.

बोलायचं नाही म्हटलं होतं. बोललो नाही. जुनी फिल्म सोडवली, नवी ताणली, टेप लावली. एक बाजू, दुसरी बाजू. हातमोज्यात घाम. शेवटची टेप कापली आणि सवयीनं टोक दुमडलं.

तिचा हात चादरीवरून सरकला. बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं चिमट्यासारखं लावलेलं. ते बोट मशीनपर्यंत आलं आणि टेपच्या दुमडलेल्या टोकावर थांबलं. चाचपलं. मग माझ्याकडं बघितलं. नुसत्या चष्म्याकडं नाही — आत.

शेजारच्या यंत्राची टिटटिट वाढली. निशा धावत आली, आकडा बघितला, मला बघितलं. "ठोके वाढलेत. काका, निघा आता. तुमच्यामुळंच वाढलेत."

बाहेर येऊन किट काढलं तेव्हा शर्ट पिळून निघत होता. क्रांती चौकापर्यंत चालत आलो. दुकानं बंद, पोलीस म्हणाला, "कुठं फिरताय?" म्हटलं, बायकोला भेटून आलो. म्हणाला, "बरं, जावा."

३ मे, सोमवार

"काका!"

उजवी बाजू बरीच आटोक्यात. मास्क बदलून साधा लावला. आता कागदावर नाव येतं — रत्नमाला काकासाहेब. मी निशाकडून कागदाचा फोटो मागवला. फ्रेम करावासा वाटतो.

९ मे, रविवार

आली!

घराच्या पायरीवर दोनदा बसली. आशाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. आत आल्या आल्या स्वयंपाकघरात बघून — "हे काय? मेथ्यांच्या डब्यात साखर कुणी भरली?" अपेक्षा ई-पास काढून आलेली, हसता हसता रडायला लागली.

बसल्यावर मला म्हणाली, "टेप बघितली तवाच वळखलं. त्याच्या आदी बी वळखलं व्हतं. मशीन आलं की मी जुन्या टेपचं टोक हुडकायची. दुमडलेलं सापडलं की वाटायचं, हायेत. हितंच कुठंतरी हायेत." श्वास घेतला. "बोलायचं तर एक तोंड उघडलं नाय तुमी."

सुयशनं बोलू नको म्हटलं होतं, अगं.

"कधीपासनं आयकायला लागलात कुणाचं?"

दुपारी ती झोपली तेव्हा कान लावला. संथ. दमलेलं. टिक.

"उठा," म्हणाली. "डोकं जड हाय."

१० मे, सोमवार

काही लिहायचं नाही. घरात आवाज आहे.

१६ मे, रविवार

निशा आली होती, ड्यूटी संपवून. अंगणातच उभी राहिली, आत यायला तयार नाही. रत्नमालानं खिडकीतून चकलीचा डबा दिला. रत्नमाला आत गेल्यावर मी सहज विचारल्यासारखं केलं — ताई, त्या सातवर दिलेल्या बाई... बऱ्या आहेत ना?

निशानं डब्याचं झाकण दाबून बसवलं. आधीच बसलेलं होतं.

"आठ दिवस झाले काकू घरी येऊन. मी बघत व्हते, काका कधी विचारताल."

कडूबाई. लासूर स्टेशन. वय अठ्ठावन्न. तेवीस एप्रिलला सकाळी गेल्या. एक मुलगा, ऋतुराज, मोंढ्यात धान्य मोजतो, मापाडी आहे. दाखल करताना फाटकात आईचा हात सोडला, त्यानंतर काही नाही — ना बोलणं, ना चेहरा. महापालिकेच्या लोकांनीच सगळं केलं, त्याला लांबून दाखवलं.

२३ एप्रिल. मागं जाऊन पान बघितलं. 'टिक आहे.' एवढंच लिहिलंय मी त्या दिवशी.

सुयशला फोन केला. त्या इंजेक्शननं झालं का? म्हणाला, नाही, रक्तस्राव कुठंच नव्हता, फुप्फुसं पार निकामी झाली होती. नीट समजावून सांगितलं. फोन ठेवल्यावर आठवायला लागलो, 'काका' म्हणाला की 'काकासाहेब'? आठवत नाही. खरं बोलत होता, की मला पुन्हा हवं तेच ऐकू आलं?

फोनमध्ये अजून आहेत ते. अठरा, एकोणीस, वीस. पुसले नव्हते मी.

रत्नमालाला सगळं सांगितलं. पदराशी चाळा करत ऐकलं तिनं. मग म्हणाली, "ज्याचं त्याला देऊन या."

२० मे, गुरुवार

लासूरला जाऊन आलो. स्टेशनच्या मागं पत्र्याचं घर, दारात तुळस, पाणी घातलेलं. ऋतुराज अठ्ठावीसचा असेल, खांदे रुंद, बोलणं हळू. वडील, पुंडलिकराव, भिंतीशी बाजेवर. मान खाली घालून बसलेले.

सगळं सांगितलं. प्लॅस्टिक, नंबर, यादी, इंजेक्शन. आणि मला रविवारी कळलं होतं, बोललो बुधवारी — तेही. काही झाकलं नाही. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, आणि मला खात्री नाही हेही सांगितलं.

ऋतुराज जमिनीकडं बघत होता. "म्हंजे रविवारी बोलला आसता तर माझ्या आईचं जास्तीचं औषिद तवाच थांबलं आसतं."

व्हय, म्हटलं.

"तुमची मालकीण घरी आली."

व्हय.

मग फोन पुढं केला. घेतला नाही त्यानं. मीच बाजेवर ठेवला आणि पहिला लावला. कळशी घेऊन चालल्यासारखा तो आवाज पत्र्याच्या खोलीत वाजायला लागला. म्हाताऱ्यानं मान वर केली. वीस सेकंद. संपला.

ऋतुराज कानाशी हात नेऊन बसला होता. म्हणाला, "तिथं... आईचं हे कुणी आयकत व्हतं?"

मी ऐकत होतो. तीन दिवस. दिवसातून दहा वेळा.

"आपलं समजून."

व्हय, आपलं समजून.

त्याच्या फोनवर तिन्ही पाठवले. त्यानं चहा विचारला नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं. "जावा तुमी आता," म्हणाला. फाटकापर्यंत मात्र आला.

घरी येऊन रत्नमालाला एवढंच म्हटलं, देऊन आलो. हलकं वाटेल असं वाटलं होतं.

२३ मे, रविवार

सकाळी ऋतुराजचा मेसेज. 'काका, वडील दिवसभर तेच लावून बसतात. इचारतात, तीनच हायेत का? अजून आसंल तर पाठवा.'

तीनच आहेत.

चौथ्या दिवशी मीच म्हणालो होतो निशाला — बंद कर तो. तो आपला नाही.